साडेसात टन घेऊन सात टक्क्यांचा उतार : एक्झॉस्ट ब्रेक नेमका कसा वापरता?

पठारवासी (धागाकर्ता)

मंडळी,

डेन्व्हरजवळ अरोरात राहतो. गेल्या वर्षी जुनी रॅम २५०० पिकअप घेतली, २०१९ चं मॉडेल, ६.७ लिटरचं कमिन्स डिझेल. मागे २८ फुटी ट्रॅव्हल ट्रेलर. घरची माणसं, पाण्याची टाकी, सामान असं सगळं भरून ट्रकांच्या वजनकाट्यावर चढवली तर १६,५०० पौंड भरले. म्हणजे साधारण साडेसात टन.

जूनमध्ये मोआबला निघालो. आय-७० महामार्गानं पश्चिमेला जाताना आयझेनहॉवर बोगदा लागतो. त्याचं पश्चिमेकडचं तोंड समुद्रसपाटीपासून ११,१५८ फुटांवर आहे, कळसूबाईच्या दुपटीहून उंच. बोगद्यातून बाहेर पडलं की लगेच सिल्व्हरथॉर्नपर्यंत सात टक्क्यांचा उतार. चढ छान चढलो होतो, त्यामुळे मनात भीती नव्हती. डॅशबोर्डवर टो-हॉलचं (ओझं ओढताना गिअर त्या हिशेबानं बदलायचं) बटण आहे, एक्झॉस्ट ब्रेकचं (इंजिनानंच गाडी धरायचं) बटण आहे. दोन्ही बंद. ऑटोमॅटिक गाडी आहे, तिचं ती बघेल असं धरून चाललो होतो.

बाहेर पडलो तेव्हा वेग ताशी ५५ मैल. मिनिटभरात ६५. मग ब्रेक. सोडला की परत ६५. मग पाय ब्रेकवरच ठेवून बसलो. पहिला रनअवे ट्रक रॅम्प (ब्रेक गेलेल्या ट्रकांना शिरून थांबायची वाट) मागे गेला तेव्हा बायको म्हणाली, काहीतरी जळतंय. दुसरा रॅम्प दिसेपर्यंत पेडल नेहमीच्या जागेच्या बरंच खाली जायला लागलं होतं. उजवी लेन धरली, चारही इंडिकेटर लावले, हातानं गिअर खाली टाकले आणि कसंबसं सिल्व्हरथॉर्नच्या २०५ नंबरच्या एक्झिटला बाहेर पडून पेट्रोल पंपाच्या कडेला थांबलो. पुढच्या दोन्ही चाकांतून निळसर धूर येत होता. मुलगा विचारत होता, बाबा, गाडी पेटणार का? बायकोनं त्याला लांब गवतावर नेऊन बसवलं. तासभर आम्ही तिथेच होतो.

त्या दिवसापासून झोपताना तो उतार डोळ्यांसमोर येतो. चूक माझी आहे हे मान्य. आता नीट शिकायचं आहे, पण माझा एक मित्र ठामपणे सांगतो की एक्झॉस्ट ब्रेक वापरूच नकोस, ब्रेक पॅड स्वस्त असतात आणि इंजिन महाग. ज्यांनी खरोखर ओझं घेऊन घाट उतरवले आहेत त्यांनी सांगा. इंजिनावर ताण येतो का? बटण कधी दाबायचं? एकदा दाबल्यावर पिवळा दिवा लागतो, परत दाबल्यावर हिरवा, त्यात फरक काय?

---

जुना_चालक

पठारवासी, आधी सगळे सुखरूप आहात हे वाचून बरं वाटलं.

मी एस.टी.त एकतीस वर्षं गाडी चालवली. त्यातली बरीच वर्षं चिपळूण-कराड, कुंभार्ली घाट. तुमची पिकअप मी बघितलेली नाही, पण उतार सगळीकडे सारखाच असतो. तुमच्या लिहिण्यातली एक ओळ मला खटकली, ती ब्रेकची नाही. बाहेर पडलो तेव्हा ५५, ही ती ओळ. तुमचा घाट तिथेच हातातून गेला होता. उतार सुरू झाल्यावर वेग कमी करायला जाल तर ब्रेकला दोन कामं पडतात, आहे तो वेग उतरवायचा आणि उतार जो वेग चढवतोय तोही खायचा. माथ्यावरच गाडी हळू करून, खालचा गिअर टाकून मग तोंड खाली करायचं.

आम्हाला शिकवलेलं असं की ज्या गिअरात चढलास त्याच गिअरात उतर. पावसाळ्यात त्याच्याही एक खाली. पुढे आमच्या गाड्यांना एक्झॉस्ट ब्रेक आले. घाटाच्या तोंडाशी तो लावायचा, पायाचा ब्रेक फक्त वळणाला आणि समोर काही आलं तर. आमचे ब्रेक हवेचे. ज्यानं ब्रेक मारत मारत घाट उतरवला त्याच्या टाकीतली हवा उतरायची, लायनर तापून वास सुटायचा, आणि नेमकं शेवटच्या वळणाला पायाखाली काही शिल्लक नसायचं. नव्या पोराला मी पहिल्या फेरीत एकच गोष्ट बघायला सांगायचो, खाली पोहोचल्यावर चाकाजवळ हात ने. हात धरवत नसेल तर तू घाट चुकीचा उतरवलास.

तुमच्या मित्राला सांगा, पॅड स्वस्त असतात हे खरं आहे, पण उतारावर पॅड संपत नाहीत, ते तापतात. तापलेले नवे पॅडसुद्धा गाडी धरत नाहीत.

---

इंजिनघर

जुना_चालक काकांनी मुद्द्याचं सांगितलंच आहे. मी पुण्यात डिझेल इंजिनांच्या चाचण्यांचं काम करतो, म्हणून आतली बाजू लिहितो.

पेट्रोल इंजिनात हवेच्या वाटेवर थ्रॉटलची झडप असते. ॲक्सिलरेटर सोडला की ती मिटते, इंजिनाला हवा ओढताना जोर लावावा लागतो आणि गाडी आपोआप धरली जाते. डिझेलमध्ये हवा मोकळी आत येते. पिस्टन ती दाबतो, पण दाबलेली हवा स्प्रिंगसारखी पिस्टनला परत खाली ढकलते, म्हणजे घेतलेलं बरंचसं परत देते. म्हणून डिझेल गाडी नुसता पाय काढल्यावर उतारावर जवळजवळ मोकळी सुटते. पठारवासींना आला तो अनुभव हाच.

एक्झॉस्ट ब्रेक धूर बाहेर जायची वाट अरुंद करतो. सायकलच्या पंपाचं तोंड अंगठ्यानं दाबून दांडा ढकलून बघा, हाताला जो विरोध जाणवतो तोच पिस्टनला प्रत्येक एक्झॉस्ट स्ट्रोकला जाणवतो. पूर्वी यासाठी पाइपात वेगळी झडप बसवायचे, बाहेरून विकत घेऊन बसवायचे सेट आजही मिळतात. तुमच्या ६.७ मध्ये हे काम टर्बोच करतो. त्याच्या आत एक सरकती कडी आहे. ती पुढे सरकली की टर्बाइनकडे जाणारी फट बारीक होते आणि मागे दाब साठतो.

या दरम्यान सिलिंडरमध्ये डिझेल फवारलं जात नाही. स्फोट नाही, जळण नाही, फक्त हवा आत-बाहेर. मग इंजिन 'झिजेल' कशानं? खरी मर्यादा एकच आहे, मागे साठलेला दाब एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या स्प्रिंगवर जोर टाकतो. दाब फार वाढला तर व्हॉल्व्ह बसण्याऐवजी उचलला जाऊ शकतो. १९९० च्या दशकातल्या १२ व्हॉल्व्हच्या ५.९ कमिन्सला बाहेरून एक्झॉस्ट ब्रेक बसवताना लोक आधी ६० पौंडांच्या कडक स्प्रिंगा घालतात, त्याचं कारण हेच. मित्राची भीती तिथून आली असावी. कारखान्यातून ब्रेकसकट आलेल्या इंजिनात हा हिशेब आधीच केलेला असतो.

आता थोडं गणित, कारण त्याशिवाय पॅडवर काय येतं ते कळत नाही. ७,५०० किलो, ७ टक्के उतार, ताशी ४५ मैल. गुरुत्वाकर्षण या गाडीला सुमारे १०० किलोवॉटनं ढकलत असतं. त्यातलं थोडं हवा खाते, थोडं टायर. उरलेलं कुठेतरी उष्णता होऊनच बाहेर पडणार. बोगद्यापासून खालपर्यंत दोन हजार फूट उतरलात असं धरलं तर एकूण ऊर्जा सुमारे ४५ मेगाज्यूल होते. एवढ्या उष्णतेत साध्या तापमानाचं १३० लिटर पाणी उकळीला येईल. घरातली आंघोळीची मोठी पिंपं डोळ्यांसमोर आणा. ही उष्णता चार-सहा लोखंडी चकत्यांत कोंबायची की इंजिनातून सायलेन्सरवाटे आणि रेडिएटरवाटे बाहेर सोडायची, निवड एवढीच आहे.

आणि पेडल खाली जात होतं ना? मग नुसते पॅड तापले नव्हते, ब्रेक ऑइल उकळायला लागलं होतं. पॅड तापून घसरतात तेव्हा पेडल कडक लागतं पण गाडी थांबत नाही. ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे झाले की पेडल खचतं. डॉट ३ दर्जाच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो, पण ते हवेतलं पाणी शोषत राहतं आणि तीच मर्यादा १४० पर्यंत येते. पुढच्या प्रवासाआधी सगळं ऑइल बदलून घ्या.

पिवळा दिवा म्हणजे पूर्ण ताकद, पाय काढला की ब्रेक पूर्ण लागतो. हिरवा म्हणजे ऑटो, गाडी आहे तो वेग राखायला बघते आणि तुम्ही पायानं ब्रेक मारून वेग उतरवलात की तो नवा वेग धरते. लहान चढउतारांना हिरवा चांगला. तुमच्या त्या उताराला पिवळा.

---

रानजाई

मी कॅलगरीत असते. आमची फोर्डची एफ-३५० पिकअप आणि फिफ्थ व्हील, म्हणजे पिकअपच्या हौद्यात जोडायचा मोठा ट्रेलर. दर उन्हाळ्यात रॉकी ओलांडून ब्रिटिश कोलंबियात जातो, त्यामुळे हा विषय माझ्या अगदी जवळचा.

पठारवासी, एक विचारू? पंपावर थांबलात तेव्हा ट्रेलरची चाकं गरम होती का?

विचारण्याचं कारण असं. एक्झॉस्ट ब्रेक फक्त ट्रकच्या इंजिनाला धरतो, म्हणजे शेवटी फक्त मागच्या चाकांना. ट्रेलरला त्याचा पत्ताच नसतो, तो मागून ढकलतच असतो. ट्रेलरचे इलेक्ट्रिक ब्रेक तुम्ही पेडल दाबता तेव्हा कंट्रोलरमधून लागतात, आणि तेही गेन, म्हणजे त्या ब्रेकांची ताकद, जितका ठेवलाय तितकेच. पुढच्या दोन चाकांतूनच धूर आला असं तुम्ही लिहिलंय, त्यावरून शंका आली.

दुसरं, हे सगळ्यांसाठी. रस्ता ओला असेल, बर्फ असेल, तर एक्झॉस्ट ब्रेक पूर्ण ताकदीवर ठेवू नका. मागची दोन चाकं अचानक धरली गेली आणि तिथे बर्फ असला तर ती घसरतात, मागून ट्रेलर रेटतो आणि दोघं कात्रीसारखे मिटतात. कोक्विहाला रस्त्यावर मी एक ट्रक तसा आडवा पडलेला बघितला आहे. बर्फावर आम्ही तो बंद करतो, वेग निम्म्यावर आणतो आणि जमलं तर निघतच नाही.

---

पठारवासी

रानजाई, तुमचा प्रश्न वाचून खुर्चीतून उठलो.

ट्रेलरची चाकं थंड होती. त्या दिवशी मी टायर बघायला मागे गेलो होतो, चाकावर हात टेकून वाकलो होतो हे आता स्पष्ट आठवतंय. पुढच्या चाकाजवळ उभं राहवत नव्हतं आणि मागे हात टेकवला! तेव्हा डोक्यात प्रकाश पडला नाही.

आत्ताच खाली जाऊन बघून आलो. गेन २.५ वर आहे. मार्चमध्ये रिकामा ट्रेलर घरी आणताना चाकं अडकत होती म्हणून मीच कमी केला होता. भरल्यावर वाढवायचा राहून गेला. म्हणजे साडेसात टन मी एकट्या ट्रकच्या ब्रेकवर उतरवले.

---

रानजाई

तेच वाटलं होतं. आता गेन असा लावा. ट्रेलर प्रवासाला निघताना भरतो तसा पूर्ण भरून घ्या. मोकळं, सपाट पार्किंग शोधा. आधी दोन-चार वेळा साधे ब्रेक मारून ट्रेलरचे ब्रेक जरा गरम होऊ द्या. मग ताशी २० ते २५ मैलांवर पेडलला हात, म्हणजे पाय, न लावता कंट्रोलरची हाताची खटकी पूर्ण दाबा. ट्रेलरनं ट्रकला मागे खेचल्यासारखं स्पष्ट जाणवलं पाहिजे, पण चाकं अडकून घासायला नकोत. कमी वाटलं तर अर्ध्या अंकानं वाढवा, अडकली तर अर्ध्या अंकानं उतरा. दर प्रवासाला वजन बदलतं, म्हणून दर प्रवासाला पाच मिनिटं यासाठी ठेवा. कंट्रोलरच्या मेनूत ट्रेलरचा प्रकार बरोबर निवडला आहे का तेही बघा.

ती खटकी आणखी एका कामाची. ट्रेलर डुलायला लागला तर ट्रकचा ब्रेक मारू नका. ॲक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा आणि नुसती खटकी दाबा. मागून ओढ बसली की ट्रेलर रांगेत येतो.

---

नवखा_प्रवासी

छान धागा. माझ्याकडे अजून ट्रेलर नाही, डुरामॅक्स डिझेलची सिल्व्हराडो पिकअप घ्यायचा विचार आहे, म्हणून वाचतोय. दोन शंका. आमच्या गावाच्या वेशीवर इंजिन ब्रेकला मनाई असल्याची पाटी आहे. मग हा ब्रेक तिथे बेकायदा होतो का? आणि रोज, ट्रेलर नसतानाही तो चालू ठेवावा म्हणतात, ते कितपत खरं?

---

इंजिनघर

पाटी आहे ती जेक ब्रेकसाठी, मोठ्या ट्रकांच्या. त्याची कामाची रीत वेगळी. तो धुराची वाट अडवत नाही. पिस्टन हवा पूर्ण दाबतो आणि आता ती स्प्रिंगसारखी परत ढकलणार, नेमक्या त्या क्षणी एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडून ती सोडून देतो. दाबायचे कष्ट घेतले, परतावा मिळालाच नाही, म्हणून धरण्याची ताकद फार मोठी. पण ती दाबलेली हवा सुटताना तडतड आवाज होतो, सायलेन्सर धड नसेल तर सगळा गाव जागा होतो. पिकअपच्या एक्झॉस्ट ब्रेकला फक्त सुस्कारल्यासारखा आवाज असतो. तरी पाटीवरचे शब्द आणि गावाचा नियम वाचून घ्या.

जेक ब्रेकची जन्मकथा या धाग्यात यायलाच हवी. कमिन्स कंपनीचे संस्थापक क्लेसी कमिन्स १९३१ मध्ये डिझेल ट्रक घेऊन अमेरिकेच्या एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्याला निघाले होते, डिझेल किती दमदार आहे ते दाखवायला. कॅलिफोर्नियात केहॉन खिंड उतरताना त्यांचे ब्रेक गेले, आणि खाली रेल्वे फाटकातून मालगाडी जात होती. शेवटचा डबा गेला आणि थोडक्यात वाचले. इंजिनानंच गाडी धरता आली पाहिजे हा विचार तेव्हापासून त्यांच्या डोक्यात राहिला. पुढे निवृत्तीनंतर, १९५० च्या दशकात, त्यांनी ती यंत्रणा तयार केली आणि १९६१ मध्ये जेकब्ज कंपनीनं ती बाजारात आणली. म्हणून नाव जेक. पठारवासी, तुम्हाला जो उतार डोळ्यांसमोर येतो, तसाच त्या माणसालाही येत असणार, आणि त्यातून निघालेली गोष्ट आज जगभरच्या ट्रकांत आहे.

रोज वापरण्याबद्दल : माझं मत हो. डिझेलमध्ये काजळी असते आणि टर्बोच्या आतला सरकता किंवा फिरता भाग न हलता एका जागी राहिला तर ती काजळी तिथेच धरते. एक्झॉस्ट ब्रेक लावला की तो भाग पूर्ण पल्ला फिरतो. शिवाय पॅड वाचतात. थंडीत सुरुवातीला इंजिन गार असताना तो नीट लागत नाही, हे मात्र ध्यानात ठेवा. मुक्काम घाटमाथ्यावर असेल आणि सकाळी निघाल्या निघाल्या उतार असेल तर इंजिन गरम झाल्याशिवाय निघू नका.

आणि आकडे विसरू नका. हा ब्रेक इंजिनाच्या फेऱ्यांवर चालतो. मिनिटाला १,५०० फेऱ्यांना तो नावापुरता, २,५०० च्या आसपास खरा. म्हणून नुसतं बटण दाबून भागत नाही. टो-हॉल चालू पाहिजे, म्हणजे गिअरबॉक्स स्वतः खाली उतरून फेऱ्या वर ठेवतो. तो उतरला नाही तर हातानं उतरवा. फक्त काटा लाल पट्ट्यात जाऊ देऊ नका, उतारावर इंजिनाला चाकं फिरवत असतात आणि तिथे फेऱ्या आवरणारा कुठलाही गव्हर्नर त्याला वाचवू शकत नाही.

---

जुना_चालक

इथे आपल्याकडच्या लोकांसाठी एक लिहितो. बोलेरो पिकअप किंवा त्या आकाराच्या गाडीला हा ब्रेक नसतो. तिथे गिअर हाच इंजिन ब्रेक. आणि तरीही कितीजण कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडले की नवले पुलाकडे न्यूट्रल करून सोडतात! दोन-चार रुपयांचं डिझेल वाचवायला. मुळात वाचतही नाही, इंजिनघर यांनी वर लिहिलंय की गिअरात असताना पाय काढला की डिझेल फवारलं जात नाही. न्यूट्रलला इंजिन चालू ठेवायला ते जळतंच. नव्या गाड्यांत तरी न्यूट्रल हा तोट्याचाच धंदा. त्या उतारावर गेलेली माणसं मोजायला बसलो तर मला लिहवणार नाही.

मी माझ्या हाताखालच्या प्रत्येक पोराला सांगितलं, घाटात गिअर सोडलास तर माझ्याकडे परत येऊ नकोस. दोघांना खरंच परत घेतलं नाही.

---

पठारवासी

मंडळी, सप्टेंबर संपता संपता परत गेलो. तोच रस्ता, तोच ट्रेलर, वजन १६,३०० पौंड. सविस्तर लिहितो, कारण तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून सांगितलंत.

आधी ब्रेक ऑइल बदललं. जुनं बाटलीत काढलं तर चहासारखं तपकिरी झालेलं होतं, नवं फिक्कट पिवळं. पुढच्या चकत्यांवर निळे डाग होते आणि ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरत होतं, म्हणून चकत्या आणि पॅडही नवे घातले. चर्चच्या रिकाम्या पार्किंगमध्ये गेन लावला. २.५ वरून चढत चढत ६ वर चाकं अडकली, ५.५ वर ठेवला.

बोगद्याच्या अलीकडेच टो-हॉल आणि एक्झॉस्ट ब्रेक दोन्ही चालू. पिवळा दिवा. बोगद्याच्या आतच उजव्या लेनला येऊन वेग ४५ वर आणला आणि गिअर तिसऱ्यावर धरला. बाहेर उजेडात आलो तेव्हा काटा २,५०० च्या जरा खाली. मग पाय काढला.

इतका वेळ शब्दांत वाचलेलं त्या क्षणी पाठीला कळलं. सीट जणू मागून कुणीतरी धरली. टर्बोचा तो सुस्कारा, आणि काटा ४५ वरच. जूनमध्ये जिथे ६५ झाले होते तिथे ४६. उतार तीव्र झाला की हळूहळू ४८ पर्यंत जायचा. मग पेडल चांगलं दाबून ४३ वर आणायचं आणि पाय पूर्ण उचलायचा, नुसता टेकवून ठेवायचा नाही. मुलाला मोजायला बसवलं होतं. सिल्व्हरथॉर्नपर्यंत त्यानं पाच मोजले. ट्रक आमच्या डावीकडून जात होते, जाऊ दिले.

त्याच पंपावर, त्याच कडेला थांबलो. या वेळी लांबून तापमान मोजायची बंदूक नेली होती. पुढच्या चकत्या ९५ अंश सेल्सिअस, ट्रेलरचे ड्रम ७० ते ७५. चारही ड्रम जवळजवळ सारखे. बायकोनं चाकाजवळ हात नेला आणि तिथेच ठेवला. मग काही न बोलता गाडीत जाऊन चहाचा थर्मास काढला.

परतीच्या वाटेवर डेन्व्हरकडे उतरताना एक पाटी आहे, ट्रकवाल्यांनो, तुम्ही अजून खाली पोहोचला नाहीत, अशा अर्थाची. डोंगर संपत आला असं वाटतं, सपाटी दिसायला लागते, आणि पुढे अजून दीड मैल उतार आणि वळणं उरलेली असतात. इतकी वर्षं त्या पाटीखालून गेलो, पण ती आपल्यासाठी असेल असं कधी वाटलं नव्हतं. या वेळी ती दिसल्यावर पिवळा दिवा लागलेला आहे ना ते परत बघितलं.

मित्रालाही सोबत नेलं होतं, पुढच्या सीटवर. तो पुढच्या आठवड्यात त्याच्या ट्रेलरचा गेन बघायला माझ्याकडे येणार आहे.

---

जुना_चालक

वाचून फार समाधान वाटलं. एकच विचारतो, चढताना कुठल्या गिअरात होतात?

---

पठारवासी

काका, बहुतेक वेळ चौथ्यात चढली. उतरताना तिसरा ठेवला. म्हणजे तुमचा नियम मोडला की काय?

---

इंजिनघर

मोडला नाही, एक पायरी पुढे नेला. काकांच्या काळी इंजिनाची ताकद बेताची असायची, चढाला खालचा गिअर लागायचाच, तोच उतरायला पुरायचा. आताची इंजिनं वरच्या गिअरात ओझं ओढून नेतात, पण त्याच गिअरात ते धरू शकत नाहीत. आतल्या भागांचं घर्षण कमी झालं, आकार निमुळते झाले, टायर सुळसुळीत झाले, त्यामुळे हवा आणि रस्ता पूर्वीएवढं धरतही नाहीत. म्हणून नव्या ट्रकांना चढाच्या गिअरहून खालचा गिअर उतरायला लागू शकतो, आणि हेच आज अमेरिकेत ट्रक चालवायच्या परवान्यासाठी शिकवतात.

---

जुना_चालक

हे मला माहीत नव्हतं. माझा पुतण्या आता नवीन बीएस-६ गाडी कराड-चिपळूणवर चालवतो. आज रात्री तो डेपोतून आला की त्याला सांगतो, चढलास त्याच्या एक खाली.